भिगवणवरनं घरी

भंगारवाल्याचा टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा सारजाबाई शेरडांना पाला टाकत होत्या. लोणी भापकरच्या शिवारात, गावापासून थोडं आत त्यांची वस्ती. मुलगा दादासो सकाळी कामावर जाताना सांगून गेला होता, की गोठ्यातली जुनी स्कूटर न्यायला माणूस येईल, देऊन टाक. ही स्कूटर त्यानंच आणलेली. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला तेव्हा कुणाची तरी वापरलेली घेतली, बरीच वर्षं पळवली, मग मोटारसायकल आली आणि स्कूटर शेरडांच्या गोठ्यात जाऊन पडली. पाय ठेवायच्या जागेत कोंबडी बसायची. पुढच्या डिकीचं झाकण तुटलेलं होतं, म्हणून अंडी बऱ्याचदा तिथंच सापडायची.

भंगारवाल्यानं आणि त्याच्या जोडीदारानं स्कूटर ओढत उन्हात आणली. लेंड्या आणि धुळीच्या खालून तिचा मूळचा निळा रंग थोडा दिसला. सारजाबाईंनी हातातला पाला खाली टाकला, पुढं होऊन हँडलवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "राहू द्या. ही द्यायची न्हाय."

माणूस म्हणाला, दादासोंनीच फोन करून बोलावलंय. सारजाबाईंनी त्याला पाणी दिलं, मोडका पंप आणि गंजलेले पत्रे दाखवले, ते न्यायला सांगितलं. स्कूटर पुन्हा गोठ्यात गेली नाही. त्यांनी ती लिंबाखाली उभी केली आणि दुपारी बादलीभर पाणी घेऊन धुतली.

त्यांच्या मनात आलं ते असं एकाएकी आलं नव्हतं. धाकटी बहीण शकुबाई इंदापूरला असायची, मुलाकडं. दिवाळीच्या आधी ती न्हाणीत पडली, कमरेला मार लागला, महिनाभर अंथरुणाला खिळली. सारजाबाईंनी दादासोला म्हटलं, मला एकदा नेऊन आण. तो म्हणाला, रविवारी जाऊ. रविवारी कधी ओव्हरटाइम निघायचा, कधी कुणाचं लग्न. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या रविवारावर खूप जणांचा हक्क होता. एसटीनं जायचं तर आधी बारामती, तिथं गाडी बदलून इंदापूर, तिथून पुन्हा रिक्षा. एसटीच्या उंच पायऱ्या सारजाबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. शकुबाई फोनवर काही मागत नसे. नुसती विचारायची, कधी येतीस, आक्का? मग दोघी पावसापाण्याचं बोलायच्या.

संध्याकाळी दादासो घरी आला, स्कूटर लिंबाखाली बघून चकित झाला. सारजाबाईंनी चुलीपुढून न उठता सांगितलं, की ती स्कूटर मी चालवणार आहे. दादासोला आधी ती थट्टा वाटली. नवरा तात्याबा ओट्यावर बसला होता. त्याला थट्टा वाटली नाही. लग्नाला चाळिसाच्या वर वर्षं झाली होती, बायको कुठल्या आवाजात काय बोलते ते त्याला कळत होतं. तो म्हणाला, ह्या वयात हातपाय मोडले तर करणार कोण? सारजाबाई म्हणाल्या, बसून राहिले तरी मोडतात, शकूचे मोडलेच की.

तात्याबाचं घराणं मेंढरांचं. दसरा झाला की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत. पुरुष मेंढरांमागं चालत, आणि सगळा संसार घोड्यावर लादून बायका वेगळ्या वाटेनं पुढच्या मुक्कामाला जात. सारजाबाईंनी तसे पंधरा-वीस हंगाम घोडी सांभाळली होती. पालं, भांडी, कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरं आणि वर बांधलेला दादासो, एवढं घेऊन त्यांनी घाट उतरलेले होते. पुढं कळप मोडला, घोडी विकली, थोडी शेती आणि चार शेरडं राहिली. तेव्हापासून त्या कुठंही गेल्या त्या दुसऱ्याच्या मागं बसून.

सून मनिषा त्यांच्या बाजूनं पहिल्यांदा बोलली. ती एका कंपनीत पॅकिंगला होती आणि स्वतःच्या गिअर नसलेल्या गाडीवर रोज जा-ये करायची. ती म्हणाली, गावातल्या सिद्धूला गाडी दाखवू, तो जमेल म्हणाला तर शिकवायचं मी बघते. बायको आणि आई एका बाजूला झाल्यावर दादासो नेहमीच माघार घ्यायचा.

सिद्धूचं गॅरेज गावाच्या स्टँडजवळ होतं. त्यानं इंजिनावरचं झाकण उघडलं तर आत उंदरानं घर केलेलं. टाकी गंजली होती, कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालं होतं, वायरी सगळ्या जाम झाल्या होत्या. तो म्हणाला, "काकी, व्हईल. पण ही जुनी गाडी हाय. चालवणाराला हिचं दुखणं कळाय पायजे, न्हायतर रोज माझ्याकडं यावं लागंल."

सारजाबाई म्हणाल्या, "मग शिकीव. मी हितंच बसते."

आणि त्या खरंच बसल्या. शेरडांचं आवरून दुपारी गॅरेजवर यायच्या, पोत्यावर बसायच्या. पहिल्या दिवशी सिद्धूनं त्यांना जुना ब्रश आणि वाटीभर पेट्रोल दिलं, कार्बोरेटर साफ करायला. दुसऱ्या दिवशी प्लग काढायला दिला. काळा पडलेला प्लग कसा घासायचा, पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं, गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद का करायचा, क्लचची वायर कुठून शिरते आणि खाली कुठं आवळते, हे सगळं त्यांनी हातानं करून घेतलं. स्टँडवरचे लोक चहा पीत बघायचे. आधी कुणीकुणी बोललं, मग नवलाई संपली. सिद्धूलाही सवय झाली. एकदा एका गिऱ्हाइकाची गाडी चालू होईना, सिद्धू जेवायला गेलेला, तर सारजाबाईंनी प्लग काढून पुसून दिला आणि गाडी चालू झाली. सिद्धू आल्यावर त्याला हे सांगायलाही त्या विसरल्या.

गाडी चालू झाली ती एका मंगळवारी. सिद्धूनं किक मारून मारून घाम काढला, मग गाडी उजवीकडं तिरपी केली, सरळ केली आणि पुन्हा किक मारली. निळ्या धुराचा लोट उठला, स्टँडवरचं कुत्रं भुंकायला लागलं आणि इंजिन धडधडत राहिलं. सारजाबाईंनी सीटवर हात ठेवला. सगळी गाडी थरथरत होती. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

शिकायला वस्तीमागचं माळरान होतं. मनिषा सुट्टीच्या दिवशी आणि बाकीच्या दिवशी कामावरून आल्यावर मागं बसायची. मनिषाच्या गाडीला गिअर नव्हते आणि हिचे गिअर डाव्या मुठीत, मूठ फिरवून टाकायचे. त्यामुळं सासू आणि सून दोघी मिळूनच शिकत होत्या. गाडी उजवीकडं ओढायची, कारण इंजिन त्या बाजूला. सारजाबाईंनी दोन दिवसांत शरीर डावीकडं तोलायला घेतलं. एका अंगाला जड झालेलं ओझं त्यांना नवीन नव्हतं. नऊवारीचा काष्टा असल्यामुळं किक मारायला अडचण आली नाही. अडचण आली ब्रेकची. घाबरल्या की त्यांचा पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी जमिनीवर जायचा.

असंच एकदा, मनिषा मागं नसताना, त्या सरळ बाभळीच्या कुंपणात गेल्या. आवाज ऐकून तात्याबा धावत आला. गाडी बाजूला केली, त्यांना उठवलं, ओट्यावर बसवलं आणि दंडात मोडलेले काटे सुईनं एकेक करून काढले. सगळे काटे निघाल्यावर म्हणाला, आता पुरं कर. सारजाबाई म्हणाल्या, आजच्यापुरतं पुरं. तात्याबा उठून शेताकडं गेला आणि त्यानंतर माळावर बघायला आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो फावडं घेऊन बाहेर पडायला लागला. सारजाबाईंना वाटलं, बांधाचं काम असेल. आठवड्यानं त्यांच्या ध्यानात आलं, की वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची जी वाट होती, खड्ड्यांची आणि दगडांची, ती सपाट झाली होती. ओढ्यापाशी चढ होता तिथं त्यानं मुरूम टाकून, ठोकून घट्ट केला होता. वळणावरची बोरीची फांदीही तोडली होती. त्या दिवशी सारजाबाईंनी पहिल्यांदा गाडी डांबरी रस्त्यापर्यंत पाय न टेकता नेली.

गाडीचे कागद दादासोनं बारामतीला जाऊन नवे करून आणले. आई ऐकत नाही तर निदान कायद्यात तरी बसू दे, असं तो म्हणाला. शिकाऊ लायसनला रस्त्यावरच्या खुणा मनिषानं मोबाईलवर दाखवून घोटून घेतल्या. सारजाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या, सावकाश वाचत, पण वाचलेलं विसरत नसत. ती परीक्षा त्या पास झाल्या. मग पक्क्या लायसनसाठी आरटीओच्या मैदानात गाडी चालवून दाखवायची होती. जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून, पाय न टेकता.

मैदानात सगळी कॉलेजची पोरंपोरी. सारजाबाई रांगेत उभ्या राहिल्या, पदरावर हेल्मेट. पहिलं वळण नीट झालं. दुसऱ्या वळणावर त्यांनी खाली रेषेकडं पाहिलं, क्लच सुटला, इंजिन बंद पडलं आणि पाय टेकला. साहेबानं नाही म्हणून मान हलवली, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. मागं कुणी तरी हसलं. घरी येताना मागं बसलेल्या मनिषाला वाटलं सासूबाई आता गप्प राहतील, पण त्या वाटेत थांबून म्हणाल्या, घरी चुना हाय का बघ.

त्या चुन्यानं त्यांनी माळावर तसाच आठ आखला. सिद्धू एका संध्याकाळी येऊन बघून गेला. त्यानं एवढंच सांगितलं, की रेषेकडं बघू नका, जिकडं जायचंय तिकडं बघा, गाडी आपसूक येते. सारजाबाईंना ते लगेच पटलं. घाटात घोडी उतरवताना त्या कधी घोडीच्या पायाकडं बघत नसत. पुढच्या खेपेला त्या मैदानात गेल्या तेव्हा त्यांची नजर सगळा वेळ वर होती. स्कूटर पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, फटफट आवाज करत दोन्ही वळणं फिरून आली. साहेबानं सही करताना विचारलं, आजी, एवढं कशासाठी शिकलात? सारजाबाईंनी सांगितलं, "इंदापूरला जायाचंय. बहीण हाय तितं."

लायसन टपालानं आलं त्याच आठवड्यात त्या निघाल्या. दादासो पहाटेच पाळीवर गेला होता. त्याला सांगितलं असतं तर तो रविवारी जाऊ म्हणाला असता. मनिषानं डब्यात भाकरी आणि ठेचा दिला. तात्याबानं टायर दाबून पाहिले, डिकीत क्लचची जादा वायर, पक्कड आणि पाना आहे ना विचारलं. शेरडांमुळं आपल्याला येता येत नाही असंही सांगितलं, आणि ते दोघांनाही खरं वाटलं नाही. सारजाबाई निघाल्या तेव्हा तो सपाट केलेल्या वाटेच्या टोकापर्यंत चालत आला.

बारामतीची गर्दी त्यांनी रिंगरोडनं टाळली. पुढं इंदापूरचा रस्ता लागला. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून ट्रॅक्टर चाललेले, मागून बघितलं तर उसाची भिंतच सरकतेय असं वाटावं. पहिल्या ट्रॉलीमागं त्या बराच वेळ राहिल्या. मग सणसरच्या अलीकडं रस्ता मोकळा दिसला, हॉर्न दिला, तिसऱ्या गिअरवर मूठ पिळली आणि पुढं गेल्या. ट्रॅक्टरवाल्यानं आधी आरशात बघितलं, मग मान वळवून बघितलं. सारजाबाईंनी बघितलं नाही. पुढची ट्रॉली आली, तीही मागं टाकली.

लासुर्ण्याच्या पुढं गिअर बदलायला गेल्या आणि डाव्या हाताखालचा क्लच एकदम सैल झाला. वायर तुटली होती. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. फोन पिशवीत होता, दादासोला लावला असता तर तो सुट्टी टाकून आला असता, आणि मग ही गाडी त्याच दिवशी भंगारात गेली असती. त्यांनी फोन बाहेर काढला नाही. हेल्मेट काढलं, पाणी प्यायल्या आणि डिकीतली जादा वायर बाहेर काढली.

शेजारच्या फडात ऊसतोडीची टोळी होती, मराठवाड्याकडची. त्यातल्या दोन बायका कोयते खाली ठेवून रस्त्यावर आल्या. गाडी आडवी करायला हात लावता का, असं सारजाबाईंनी विचारलं. पेट्रोलचा कॉक बंद करून, खाली पोतं टाकून तिघींनी स्कूटर डाव्या अंगावर निजवली. सारजाबाईंनी तुटलेली वायर ओढून काढली, नवीन वायरीला ग्रीस लावलं, वरून हँडलमधून आत सारली. मध्ये एका जागी ती अडली. त्यांनी ओढली, फिरवली, पुन्हा सारली. एका बाईनं खालून टोक धरलं. त्यांनी ते पक्कडीनं ताणून स्क्रू आवळला आणि गाडी उभी करून क्लच दाबून पाहिला. थोडा सैल वाटला, पुन्हा आवळला. गाडी आडवी झाल्यामुळं इंजिनात पेट्रोल भरलं होतं, म्हणून चार-पाच किक वाया गेल्या. मग धूर निघाला आणि ओळखीची धडधड सुरू झाली.

तोवर फडातल्या सगळ्या बायका बांधावर येऊन उभ्या होत्या. त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईनं, सारजाबाईंच्याच वयाची असेल, स्कूटरला हात लावून विचारलं, "तुमीच चालवता व्हय?"

"बसा," सारजाबाई म्हणाल्या.

त्या बाईला मागं घेऊन त्या फडाच्या टोकापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. ती उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं होतं आणि ती हसत होती. तिनं सारजाबाईंच्या पिशवीत उसाची दोन कांडकी खोचली.

इंदापूरला शकुबाई दारात खुर्चीवर उन्हाला बसली होती. स्कूटरवरून हेल्मेट घातलेलं कुणी उतरलं, हात ग्रीसनं काळे, तर तिला वाटलं लाईटबिलाचा माणूस आला. ती म्हणाली, पोरगा घरात नाही, उद्या या. सारजाबाईंनी हेल्मेट काढलं. शकुबाई बघतच राहिली. मग काठी टेकून उठली, बहिणीच्या काळ्या हातांना धरून घेतलं आणि रडायला लागली. थोड्या वेळानं बहिणीच्या मागं डोकावून तिनं विचारलं, दादासो कुठं राहिला? एकटीच चालवत आले, असं सारजाबाईंनी सांगितलं तेव्हा तिनं जाऊन स्कूटरचं सीट, हँडल, आरसा, सगळं हातानं चाचपून पाहिलं. एरवी घरातल्या घरात चालायला कुरकुरणारी शकुबाई स्कूटरला एक पूर्ण चक्कर मारून आली.

दुपारभर दोघी बोलल्या. उन्हं उतरल्यावर शकुबाई म्हणाली, पडल्यापासून ह्या गल्लीच्या बाहेर गेले नाही. सारजाबाईंनी विचारलं, कंबर बसू देईल का? ती म्हणाली, देईल. शकुबाईच्या सुनेनं मागच्या सीटवर घोंगडी घडी करून घातली आणि तिला धरून बसवलं. सारजाबाई पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच, खड्डे चुकवत, उजनीच्या पाण्याकडं निघाल्या. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं दोघी ह्याच बाजूला हिंडलेल्या.

पाण्याजवळ गाडी थांबवून दोघी काठावर बसल्या. होड्या परत येत होत्या, लांब पाण्यात पांढरे पक्षी उभे होते. शकुबाईनं सांगितलं, की मुलगा तिला दर महिन्याला दवाखान्यात नेतो, सगळं करतो, पण पाणी बघायला ने असं त्याला कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं. सारजाबाई म्हणाल्या, मला सांग. अंधार पडायच्या आत त्या परतल्या. गल्लीत शिरताना शकुबाईनं बहिणीच्या खांद्यावरून हात पुढं करून हॉर्न वाजवला. घरातली सगळी माणसं बाहेर आली.

रात्री दादासोचा फोन आला. तो रागावला होता, आणि काळजीनं जास्तच रागावला होता. सारजाबाईंनी ऐकून घेतलं. मग सांगितलं, की वायर तुटली होती, ती मी बदलली. त्यानं विचारलं, वायर कुणी बदलली म्हणालीस? त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्यानं नवीन वायरीचा स्क्रू नीट आवळलास का, सकाळी निघताना एकदा बघ, एवढंच म्हटलं. असं तो त्याच्या मित्रांशी बोलायचा.

सकाळी त्या निघाल्या. कालचा सणसरचा रस्ता पाठ झाला होता, तो धरला तर दुपारच्या आत घरी. पण इंदापूरच्या चौकात त्यांनी गाडी बाजूला घेतली. समोर पुण्याचा हायवे होता. त्यानं गेलं तर पळसदेव, भिगवण आणि तिथून बारामती. लांब पडणार होतं. दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत कुठल्या वाटेनं जायचं हे त्यांच्या घरात आधी सासऱ्यानं ठरवलं, मग तात्याबानं. सारजाबाईंनी ते कधीच ठरवलं नव्हतं. त्यांनी तात्याबाला फोन लावला.

"मी भिगवणवरनं येते," त्या म्हणाल्या.

त्यानं विचारलं, तिकडं काय काम काढलंस?

"काम न्हाय. तिकडनं यायचंय."

तात्याबा म्हणाला, ट्रकांपासनं लांब राहा, आणि येताना मासं आण.

हायवेच्या डाव्या कडेनं सारजाबाई निघाल्या. ट्रक गेले की वाऱ्याचा झोत अंगावर यायचा, त्या हँडल घट्ट धरून तो अंगावर घ्यायच्या आणि पुढं जायच्या. उजव्या हाताला झाडांमधून मध्येच उजनीचं पाणी चमकायचं. इंजिन गरम झालं की त्या सावलीला थांबायच्या, ऊस सोलून खायच्या, मग पुन्हा किक. एका किकमध्ये गाडी चालू व्हायची.

भिगवणला पोचल्या तेव्हा कडकडून भूक लागली होती. स्टँडजवळच्या एका हॉटेलापुढं त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, कॉक बंद केला. हॉटेलात त्या आजवर एकट्या कधी बसल्या नव्हत्या. आत जाऊन खिडकीजवळच्या टेबलावर हेल्मेट ठेवलं आणि बसल्या. वेटर आला, आजूबाजूला बघून त्यानं विचारलं, आजी, बाकीची मंडळी मागं आहेत का?

"एकटीच हाय," सारजाबाई म्हणाल्या. "चिलापी ताजी हाय का?"

ताजी होती. तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी आणि कांदा आला. त्यांनी काटे काढत सावकाश खाल्लं. अर्ध्यात वेटरला हाक मारून आणखी एक भाकरी सांगितली, आणि घरी न्यायला चार मासे बांधायला सांगितले. चांगले मोठे बघून दे, म्हणाल्या.